शब्दांचा गोतावळा

आमच्या धाकट्या बंधूंची मुलगी गेल्या वर्षी कराडकडच्या एका खेड्यातून पुण्याला, आमच्या घरी राहायला आली. इंजिनियरिंग कॉलेजात तिला जागा मिळाली होती. शाळेचे सारे शिक्षण मराठीतून झालेले. गणितात पक्की, कामाला चपळ, आणि बोलण्याची तर इतकी हौस, की पहिल्या आठवड्यातच तिने आमच्या इमारतीतल्या चारही मजल्यांवरच्या बायकांची माहेरे, मुलेबाळे आणि दुखणी यांची बित्तंबातमी आमच्या सौ.ला आणून दिली. कॉलेज सुरू झाले आणि ही बोलकी पोर हळूहळू गप्प होत गेली. जेवताना मान खाली, हाक मारली की नुसते "हूं", आणि रात्री अकरा-साडेअकरापर्यंत खोलीत दिवा.

एका रात्री मी पाणी प्यायला उठलो, तो आतून पुटपुटण्याचा आवाज आला. परीक्षेला तर अजून अवकाश होता. दार लोटून पाहिले. बाईसाहेब मोबाइल समोर ठेवून, डोळे मिटून, पाढे म्हणावेत तशा म्हणत होत्या, "ॲब्स्ट्रूस म्हणजे दुर्बोध, ॲक्रिमनी म्हणजे कटुता, अलॅक्रिटी म्हणजे तत्परता..." मला पाहून ओशाळली.

"रोज तीस शब्द पाठ करते, काका. आज पाचशे चाळीस झाले."

"वा! मग आता इंग्रजीची धास्ती गेली म्हणायची."

यावर तिचे डोळे भरून आले. "शब्द येतात हो. पण वर्गात तोंडच उघडत नाही. बाकीची मुलं फाडफाड बोलायला लागली की वाटतं, अजून हजार शब्द तरी पाहिजेत, मग आपण बोलू. परवा सरांनी उभं केलं. उत्तर ठाऊक होतं. मी वाक्य जुळवेपर्यंत त्यांनी दुसऱ्याला विचारलं." थोडी थांबली आणि हळूच म्हणाली, "काका, मी इथं टिकेन असं मला वाटत नाही."

मी तिला काहीबाही समजावून झोपायला पाठवले. मला मात्र झोप आली नाही. कारण पन्नास वर्षांपूर्वी हाच मंत्र मीही जपला होता, आणि त्याचे फळ भर सभेत चाखले होते.

मी १९७३ साली एका कचेरीत कारकून म्हणून लागलो. इंग्रजी पाचवीपासून शिकलेले, तेही बहुतेक भाषांतराच्या वाटेने. घरी आजोबांच्या वेळचा एक जाडजूड इंग्रजी-मराठी कोश होता. पहिली पाने उंदरांनी खाल्लेली, त्यामुळे तो कोणाचा आणि कोणत्या सालचा हे कळायला मार्ग नव्हता. त्यातले दहा शब्द रोज रात्री पाठ करायचे असा मी नेम धरला, आणि तीन वर्षे तो निष्ठेने पाळला. पुढे आमचे साहेब निवृत्त झाले. निरोपसमारंभात इंग्रजीतून चार शब्द बोलण्याचे काम मी होऊन मागून घेतले. साहेब खरोखर भला माणूस. कोणाच्या घरी आजारपण असो, कोणाच्या मुलीचे लग्न अडलेले असो, न सांगता धावून जायचे. त्या गुणाला शोभेल असा भारदस्त शब्द मी कोशातून हुडकून काढला : 'ऑफिशस'. अर्थ दिला होता, सेवातत्पर, दुसऱ्याच्या उपयोगी पडणारा. मी ठणकावून सांगितले, की एवढा ऑफिशस अधिकारी या कचेरीने पूर्वी पाहिला नाही आणि पुढेही पाहणार नाही.

पुढच्या रांगेत कोणीतरी खोकले. मग शेजारच्यालाही खोकला आला. बघता बघता त्या हॉलमध्ये खोकल्याची साथच पसरली. साहेबांच्या पत्नींनी पदर तोंडाला लावला. साहेब तेवढे गंभीर राहिले आणि शेवटी त्यांनी माझा हात नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ हातात धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कनी मला बाजूला घेऊन सांगितले, "अहो, ऑफिशस म्हणजे नको तिथे लुडबुड करणारा!"

माझा कोश तसा खोटे बोलत नव्हता. डॉक्टर जॉन्सन यांनी १७५५ साली जो प्रसिद्ध इंग्रजी कोश काढला, त्यातही या शब्दाचा चांगला अर्थ दिलेला आहे. पुढे शब्द बिघडला आणि मला ते कळवायला कोणी आले नाही, एवढेच! आपल्याकडे तरी दुसरे काय होते? 'महाभाग' म्हणजे मूळचा मोठा भाग्यवान माणूस. पण आज जेवायला आलेल्या पाहुण्याला "आले हे महाभाग" असे म्हणून पाहा, तो पाटावरून उठून जाईल.

सकाळी चहाच्या वेळी ही हकीकत मी पुतणीला साग्रसंगीत सांगितली. पोर पुष्कळ दिवसांनी खळखळून हसली. मग आम्ही दोघे हिशेबाला बसलो.

किती शब्द पुरे?

इंग्रजीत एकूण शब्द किती, हा प्रश्न विचारून कोणी घाबरून घेऊ नये. ऑक्सफर्डच्या महाकोशाची कल्पना १८५७ साली निघाली, जेम्स मरे १८७९ साली त्याचे संपादक झाले, पहिला भाग १८८४ साली छापून आला आणि कोश पुरा व्हायला १९२८ साल उजाडले. मरे बिचारे १९१५ सालीच वारले. त्या कोशात चार लाखांहून अधिक शब्द आणि शब्दरूपे भरली. एवढे शब्द कोणत्याही इंग्रजाला येत नाहीत, येण्याची गरजही नसते. पण या कोशाच्या जन्मकथेतली एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गावोगावच्या हौशी वाचकांनी मरेसाहेबांकडे लक्षावधी चिठ्ठ्या पाठवल्या. त्या चिठ्ठ्यांवर नुसता शब्द नसे. ज्या वाक्यात तो आढळला ते सबंध वाक्य उतरून काढलेले असे. शब्दांचा एवढा मोठा व्यापारी, पण त्याने सुटा शब्द कधी विकत घेतला नाही.

दुसरी गोष्ट ढाक्याची. मायकेल वेस्ट नावाचे शिक्षणतज्ज्ञ १९२०च्या सुमारास तिथे शिक्षकांना शिकवीत असत. बंगाली मुलांच्या हाती पडणारी इंग्रजी पुस्तके पाहून त्यांच्या लक्षात आले, की मुलांना वर्षातून एकदाही लागणार नाहीत असे शब्द त्यांत पानापानावर पेरलेले आहेत. रोजच्या कामाचे शब्द कोणते ते आधी ठरवले पाहिजे, या ध्यासातून पुढे १९५३ साली त्यांची सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. साध्या इंग्रजी मजकुरातले शंभरातले ऐंशी शब्द या दोन हजारांच्या पोटात येतात.

ऐंशी टक्के म्हणजे पहिला वर्ग, असे आपल्या मनात येते. पण वाचताना तसे होत नाही. प्रत्येक पाचवा शब्द अडला तर काय होईल, हे मराठीतच करून पाहा. "काल सकाळी मामांच्या घरी एक — आला आणि त्याने सर्वांसमोर — काढून मामींना दिले." पोस्टमन आला की सोनार, आणि काढले ते पत्र की मंगळसूत्र? भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ साली हिशेब मांडला, की इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्या मदतीशिवाय वाचायचे, म्हणजे पन्नासात फार तर एक शब्द अडावा असे व्हायचे, तर आठ ते नऊ हजार शब्द-कुटुंबे ओळखीची हवीत. 'कुटुंबे' हा शब्द वाचकांनी कृपा करून लक्षात ठेवावा, त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

पुतणीचे गणित चांगले. तिने लगेच आकडे मांडले. शाळेतून दोन हजार येतातच. आठ हजारांना कमी पडतात सहा हजार. रोज पाच नवी कुटुंबे म्हटली तर बाराशे दिवस, म्हणजे सव्वातीन वर्षे. "काका, इंजिनियरिंगला चार वर्षं आहेत," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा जरा रंग दिसला. मीही तिला अट घातली : रोज तीस शब्द बंद, पाचच घ्यायचे. पण ते पाच घरी आणून त्यांची नीट विचारपूस करायची.

आहार, विहार आणि पोर्टर

आपण मराठी माणसे इंग्रजी शिकताना आपल्याच तिजोरीची किल्ली विसरून जातो. शाळेत उपसर्ग शिकताना 'हृ' धातूचा खेळ आपण सर्वांनी पाहिला आहे. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार. धातू एक, म्हणजे नेणे, आणि पुढचा उपसर्ग बदलला की अर्थ दुसरीकडे निघून जातो. इंग्रजीने लॅटिनकडून नेमका असाच संसार उचलला आहे. लॅटिनमध्ये वाहून नेण्याचा धातू 'पोर्ट'. स्टेशनावरचा पोर्टर तो त्यातलाच. आता उपसर्ग लावीत चला. आत वाहून आणणे तो इम्पोर्ट, बाहेर नेणे तो एक्सपोर्ट, पलीकडे नेणे तो ट्रान्सपोर्ट, माघारी आणून सांगणे तो रिपोर्ट, खालून उचलून धरणे तो सपोर्ट, आणि देशाबाहेर काढणे ते डिपोर्ट. एका हमालाच्या ओळखीवर सबंध धक्का आपला झाला की नाही?

दुसरा धातू 'स्पेक्ट', पाहणे. आत डोकावून पाहतो तो इन्स्पेक्टर. मागे वळून पुन्हा पाहावेसे वाटते तो रिस्पेक्ट. खालून, चोरट्या नजरेने पाहणे तो सस्पेक्ट. पुढे पाहणे तो प्रॉस्पेक्ट. संस्कृतात हेराला 'स्पश' म्हणतात आणि इंग्रजीत 'स्पाय', आणि हे तिन्ही एकाच मुळाचे, हे ऐकल्यावर आमच्या पुतणीने हातातला पोह्यांचा चमचा तसाच खाली ठेवला.

यात चमत्कार काही नाही. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सांगितले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातले साम्य योगायोगाचे नसावे, त्या एकाच उगमातून निघाल्या असाव्यात. तेव्हापासून या विषयावर ग्रंथांचे डोंगर झाले. आपल्याला त्या डोंगरावर चढायचे नाही, पायथ्याची चार फळे पुरेत. 'अग्नी' ध्यानात असेल तर 'इग्नाइट' विसरणार नाही. 'मृत' वरून 'मॉर्टल', 'दंत' वरून 'डेंटल', 'नौका' वरून 'नेव्ही', 'जन्' वरून 'जेनेटिक', 'नव' वरून 'इनोव्हेशन'. 'योग' आणि बैलाच्या मानेवरचे 'योक', म्हणजे जू, ही तर सख्खी भावंडे. आमच्या गावाकडच्या मुलीला इंग्रजी परके वाटत होते. परक्याच्या घरी आपल्याच आत्याचा फोटो भिंतीवर दिसावा, तसे तिला झाले.

फूटपाथवरच्या पुस्तकांच्या ढिगात नॉर्मन लुईस यांचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' हे १९४९ सालचे पुस्तक अजूनही हमखास दिसते, ते या धातूंच्या वाटेमुळेच. पुस्तक चांगले आहे. मात्र ते मुख्यतः इंग्रजी ज्यांना आधीच बोलता येते त्यांच्या उपयोगाचे, हे ओळखून ते हाती घ्यावे. माणूसघाण्या माणसाला कोणता ग्रीक शब्द आहे हे ते छान सांगते, पण त्या माणसाशी चार वाक्ये कशी बोलायची हे सांगत नाही.

आणि नात्याच्या नादात वाहवूही नये. चेहरा मिळाला म्हणून नाते असतेच असे नाही. 'आयलंड' आणि 'आयल', दोन्हींचा अर्थ बेट, दोन्हींत उच्चार न होणारा एस. कोणीही म्हणेल, मायलेकी आहेत. पण त्यांचे नातेगोते काही नाही. 'आयल'कडे पाहून कोणीतरी 'आयलंड'मध्ये तो एस उगाच घुसवला, आणि तेव्हापासून जगभरची मुले तो न बोलता लिहीत आहेत. धातू हा लक्षात ठेवण्यासाठी, शपथेवर साक्ष देण्यासाठी नव्हे.

मातोश्री, जेवायला वाढा!

इंग्रजीत एकाच अर्थाचे दोन-दोन, तीन-तीन शब्द का, असे पुतणीने विचारले. याचे उत्तर इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. राजवाड्यात, कोर्टात फ्रेंच भाषा आली आणि शेतात, चुलीपाशी इंग्रजीच राहिली. मेंढपाळाची 'शीप' सरदाराच्या ताटात गेली की 'मटन' होई, तेच मटण आपल्याकडेही आले. पुढे पंडितांनी लॅटिनमधून थेट शब्द आणले. म्हणून साध्या माणसाचा 'आस्क', दरबारी 'क्वेश्चन' आणि विद्वानाचा 'इंटरॉगेट'. राजाला लागणारी विशेषणेही तीन, 'किंगली', 'रॉयल' आणि 'रीगल'.

आपल्या मराठीतही तसेच थर आहेत. पाणी, जल, उदक. आई, माता, मातोश्री. पत्रात 'तीर्थरूप मातोश्रींच्या सेवेशी' असे लिहिणारा मुलगा घरात पाऊल टाकताच "मातोश्री, भोजन वाढावे" असे म्हणू लागला, तर मातोश्री आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहील! पण आपण इंग्रजीत नेमके हेच करतो. 'बिगिन' येत असताना 'कमेन्स' म्हणतो, 'बाय' सोडून 'परचेस' करतो, आणि कोणी 'व्हेअर डू यू लिव्ह' असे विचारले की 'आय रिसाइड ॲट' म्हणून सुरुवात करतो. मोठा शब्द म्हणजे चांगले इंग्रजी, ही समजूत आमच्या पिढीने कचेऱ्यांतल्या अर्जांवरून उचलली. तो मोठा शब्द ओळखता यावा, हे खरे. करारपत्रात, संशोधनाच्या निबंधात तोच लागतो. पण शब्द शिकताना तो कोणत्या मजल्यावर राहतो हेही वहीत लिहून ठेवावे : चुलीपाशी, दिवाणखान्यात की कोर्टात.

ढवळ्याशेजारी पवळ्या

खरी मेख पुढेच आहे, आणि इथेच माझी पन्नास वर्षांपूर्वी फजिती झाली.

मराठीत 'कडक' हा एक शब्द घ्या. चहा कडक, ऊन कडक, शिस्त कडक, शिक्षा कडक, भाकरी कडक. आता इंग्रजी : चहा 'स्ट्राँग', ऊन 'स्कॉर्चिंग', शिस्त 'स्ट्रिक्ट', शिक्षा 'सिव्हिअर', भाकरी 'क्रिस्प', आणि वातड झाली असेल तर 'हार्ड'. कोशात 'स्ट्रिक्ट' म्हणजे कडक असे पाठ केलेला विद्यार्थी हॉटेलात जाऊन 'स्ट्रिक्ट टी' मागेल, तर चूक त्याची म्हणायची की यादीची? उलट बाजूने पाहा. आपली झोप गाढ, धुके दाट, पाऊस मुसळधार, अंधार मिट्ट. का, ते विचारू नये. 'मिट्ट पाऊस' म्हणणाऱ्याला व्याकरणाची चूक कोणी दाखवू शकणार नाही, पण घरातले लहान मूलसुद्धा हसेल. इंग्रजीत पाऊस 'हेवी', वाऱ्याला मात्र 'स्ट्राँग' लागते. पुष्कळ सिगरेटी ओढणाराही 'हेवी'च!

काही शब्दांना तर वाईट संगतीचे वळण लागलेले असते. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण शब्दांनाही लागू आहे. 'कॉज' म्हणजे कारण होणे, एवढे आपण शिकतो. पण इंग्रजी मजकूर चाळून पाहा, 'कॉज'च्या मागून बहुधा नुकसान येते, अपघात येतो, उशीर येतो, कटकट येते. "तुमच्या येण्याने आनंद झाला" याचे भाषांतर 'कॉज' वापरून केले, तर व्याकरण बिनचूक राहील, आणि पाहुणा मनात म्हणेल, यांना माझ्या येण्याचा त्रास झालेला दिसतो. फर्थ नावाचे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ होऊन गेले. तरुणपणी ते लाहोरला प्राध्यापक होते. त्यांनी १९५७ साली हाच मुद्दा मांडला, की शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबत्यांवरून.

मग हे सोबती शोधायचे कुठे? त्यासाठी खास शिकणाऱ्यांचे कोश असतात. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानात शिकवीत होते. जपानी मुलांच्या अडचणी पाहून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर असा कोश रचला, की ज्यात शब्दाचा नुसता अर्थ नाही, तर तो वाक्यात कसा बसतो, त्याच्यामागे कोणते अव्यय येते, त्याचे अनेकवचन होते की नाही, हे सारे दाखवलेले आहे. १९४२ साली तो तोक्योत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने छापला. त्याची नवी आवृत्ती आज मोबाइलवरही पाहता येते. आजोबांचा कोश मी अजून जपून ठेवला आहे, पण तो कपाटाच्या वरच्या फळीवर.

आणि छोट्या शब्दांविषयी काय सांगावे! पाचशे चाळीस अवघड शब्द पाठ केलेल्या आमच्या पुतणीला मी सहज विचारले, "बाई, 'दिवा मालव', 'बैठक पुढे ढकल' आणि 'शेजाऱ्याचा गोंगाट सोस' हे इंग्रजीत सांग." तिने 'एक्स्टिंग्विश', 'पोस्टपोन', 'टॉलरेट' असे तीन पैलवान उभे केले. चुकले असे म्हणता येणार नाही, पण दिवा मालवायला पैलवान कशाला? साधा माणूस तिन्ही कामे एका 'पुट'वर भागवतो. 'पुट आउट', 'पुट ऑफ', 'पुट अप विथ'. ही जोडक्रियापदे कोणत्याच यादीत शोभिवंत दिसत नाहीत, म्हणून कोणी पाठ करीत नाही, आणि बोलताना अडते ते नेमके तिथेच.

मराठी माणसाला खरे तर यांचे भय वाटू नये. आपण काय कमी करतो? "तो रुसून बसला" यात बसणे आहे, असे क्षणभर म्हणू. पण "पैसे हरवून बसला" यात तो कोणत्या खुर्चीवर बसला? 'खाल्ले', 'खाऊन घेतले', 'खाऊन टाकले' यांतला फरक एखाद्या परदेशी माणसाला समजावून पाहा, म्हणजे 'पुट'ने आपल्यावर काही विशेष अन्याय केला आहे असे वाटणार नाही.

मिठाईचे खोके

एवढे सगळे लक्षात राहायचे कसे? जर्मनीतले मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरे स्वतःच पाठ करून, किती वेळाने किती विसरली याचा हिशेब ठेवला आणि तो १८८५ साली प्रसिद्ध केला. विसरण्याचा जोर पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात सर्वांत अधिक, पुढे तो मंदावतो. म्हणून एका रात्रीत तीस वेळा घोकण्यापेक्षा आज, उद्या, चार दिवसांनी, पंधरवड्याने असे परत परत भेटलेले बरे. या तत्त्वावर लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने १९७२ साली एक खोक्यांची युक्ती सांगितली. मोबाइलवरची बहुतेक साधने आज तिचीच नक्कल करतात.

आमच्या घरी दिवाळीच्या मिठाईची रिकामी खोकी पडली होती. त्यांतल्या तीन खोक्यांवर पुतणीने 'रोज', 'रविवार' आणि 'अमावास्या' असे लिहिले. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून चिठ्ठ्या केल्या. चिठ्ठीच्या एका अंगाला वाक्य, त्यात शब्दाच्या जागी रेघ. दुसऱ्या अंगाला शब्द, त्याचे दोन नातेवाईक आणि दोन सोबती. ओळखला की चिठ्ठी पुढच्या खोक्यात, चुकला की पुन्हा 'रोज'मध्ये. वाक्ये कुठून आणायची? वाचनातून. त्यासाठी मी तिला कठीण पुस्तके मुद्दाम दिली नाहीत. आर. के. नारायण यांची पहिली कादंबरी १९३५ सालची, पण त्यांची वाक्ये आजही पाण्यासारखी सरळ. पानात एखाददुसरा शब्द अडावा एवढेच. पानात दहा अडले की ते वाचन राहत नाही, ती खडी फोडणे होते.

आणि शेवटची अट सर्वांत कडू होती. ('कडू'ला इथे इंग्रजीत काय म्हणतील ते वाचकांनी ठरवावे.) त्या दिवशीचे पाचही शब्द रात्रीच्या जेवणात मोठ्याने, वाक्यात वापरायचे. आमची सौ. इंग्रजी जेमतेम समजते असे म्हणते, पण तिने पहिल्याच दिवशी "हे पिठलं मी पुट अप विथ करणार नाही" असे म्हणून ताट सरकवले, तेव्हा तिघांनाही हसू आवरेना. मला वाटते, पोरीची भीड चेपली ती त्या पिठल्यापासून.

पुतणीच्या मनात एकच शंका उरली होती. पुढे अमेरिकेत शिकायला जायचे तर जी.आर.ई. नावाची परीक्षा द्यावी लागते, आणि तिथे अवघड शब्दांच्या याद्याच लागतात असे तिला कोणी सांगितले होते. पूर्वी ते बरेचसे खरे होते. सुटा शब्द देऊन त्याच्या विरुद्ध अर्थाचा शब्द विचारीत. पण २०११च्या ऑगस्टपासून त्या परीक्षेने ते प्रश्न काढून टाकले. आता उतारा किंवा वाक्य देतात आणि रिकाम्या जागी कोणता शब्द शोभेल ते विचारतात. शब्द अवघड असतात, नाही असे नाही. पण ते आपल्या गोतावळ्यासह येतात.

यंदाच्या पावसाळ्यात एके दिवशी ती कॉलेजातून आली ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात शिरली. कॅन्टीनमध्ये मुलामुलींचा वाद जुंपला होता. इंग्रजीत 'गूस'चे अनेकवचन 'गीस', मग 'मंगूस'चे काय? इंग्रजी शाळांतून आलेली मुले 'मंगीस' म्हणत होती. हिला उत्तर ठाऊक होते, कारण ती चिठ्ठी 'रविवार'च्या खोक्यात होती. हा शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत शिरला, आणि कोशकार त्याचे मूळ आपल्या मराठी मुंगसापर्यंत नेतात.

"मग तू बोललीस का?" आमच्या सौ.ने विचारले.

"बोलले ना! म्हटलं, इट इज मंगूसेस. बिकॉज इट इज नॉट अ गूस. इट इज अवर मुंगूस. मग सगळे विचारायलाच लागले, आणखी कोणते शब्द आपले आहेत म्हणून. अर्धा तास बोलत होते मी, काकू."

बोलताना दोन ठिकाणी चुकले, असेही तिनेच सांगितले. चहा ओटीवर घेऊन गेली, आणि एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर ती दोन्ही वाक्ये नीट करून लिहायला बसली.